८० वूस्टर स्ट्रीट : एका गोदामातील बिऱ्हाडांचे प्रकरण

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागात, आज सोहो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत, ब्रूम आणि स्प्रिंग या दोन रस्त्यांच्या मध्ये, वूस्टर स्ट्रीटवर ८० क्रमांकाची सात मजली इमारत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती बांधली गेली ती माणसे राहण्यासाठी नव्हे, तर माल ठेवण्यासाठी आणि हलक्या कारखानदारीसाठी. १९६७ मध्ये जॉर्ज मॅच्युनास यांनी कलावंतांच्या एका सहकारी संस्थेसाठी ती विकत घेतली आणि तिच्या मजल्यांवर बिऱ्हाडे थाटली गेली. त्या वेळी तिथे राहण्याची परवानगी जवळजवळ कोणालाच नव्हती. गोदामाचे घर करणे या गोष्टीला पुढे जे वलय आले, त्याच्या मुळाशी असलेल्या मोजक्या इमारतींपैकी ही एक असल्यामुळे तिचे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगे आहे. मला त्यात वलयापेक्षा कायद्याची बाजू अधिक बोलकी वाटते. धोका इमारतीत होता, पण अनेक वर्षे तपासणी मात्र माणसांचीच होत राहिली.

आधी शब्दाविषयी. मराठी घरात ‘लॉफ्ट’ म्हटले की स्वयंपाकघराच्या दारावरचा, जुनी भांडी आणि गाद्या कोंबलेला पोटमाळा डोळ्यांसमोर येतो. न्यूयॉर्कमधला लॉफ्ट म्हणजे अशा व्यापारी इमारतीचा आख्खा, भिंती न घातलेला मजला. या वस्तीतले नेहमीचे मोजमाप सुमारे २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल असे. काही इमारती त्याच्या दुप्पट रुंदीच्या होत्या. दोन्ही बाजूंना शेजारच्या इमारती भिंतीला भिंत लावून उभ्या असल्यामुळे उजेड फक्त पुढच्या आणि मागच्या खिडक्यांतून येई, आणि मधला बराचसा भाग दिवसासुद्धा अंधारलेला राही. मालाची चढउतार करणारी लिफ्ट, उंच छत आणि ओळीने उभे असलेले खांब एवढेच काय ते आत असे. मोरी, स्वयंपाकाचा ओटा किंवा स्नानगृह यांचा पत्ताही नसे. फार तर कामगारांसाठी कोपऱ्यात एखादा संडास आणि गार पाण्याचा नळ.

भार पेलण्याच्या दृष्टीने मात्र अशी इमारत घरापेक्षा कितीतरी दणकट असते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या मापदंडांनुसार राहत्या घरात मजल्याच्या जमिनीवर दर चौरस फुटाला ४० पौंड भार गृहीत धरला जातो, तर हलक्या मालाच्या गोदामासाठी तोच आकडा १२५ पौंडांचा आहे. कापडाच्या गाठी आणि छपाईची यंत्रे ज्या जमिनीने दशकानुदशके झेलली, तिला एका कुटुंबाचे सामान म्हणजे काहीच नव्हते. त्यामुळे गोदामात राहिल्यास मजला खचेल ही सामान्य माणसाच्या मनात पहिल्यांदा येणारी भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. खरी भीती आगीची होती.

ती भीती किती खरी होती हे याच परिसराने १९५८ मध्ये पाहिले. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला वूस्टर स्ट्रीटवरच, एका कागदाच्या आणि सुतळीच्या गोदामाला आग लागून इमारत कोसळली आणि ती विझवायला गेलेले सहा जण मरण पावले. पुढच्याच महिन्यात, १९ मार्चला, जवळच ब्रॉडवेवर अंतर्वस्त्रांच्या एका कारखान्यात लागलेल्या आगीत २४ कामगारांचा बळी गेला. वर्षानुवर्षे यंत्रांचे तेल मुरलेल्या लाकडी जमिनी, एका मजल्याची आग दुसऱ्या मजल्यावर धुराड्यासारखी खेचून नेणारी लिफ्टची उघडी विहीर, कागद आणि कापडाचे ढीग, आणि बाहेर पडायला अनेकदा एकच अरुंद जिना, अशी ही रचना होती. बिडाचे उघडे खांब आगीत तापल्यावर त्यांच्यावर बंबाचे गार पाणी पडले की तडकण्याचा धोका निराळाच. अग्निशमन दलात या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ असे नाव पडले होते, आणि ज्यांना रात्री शिडी लावून वर चढायचे होते, त्यांनी ते नाव उगाच ठेवले नव्हते.

मग एवढ्या मोठ्या जागा कलावंतांच्या आवाक्यात आल्या कशा? एक कारण असे की छोटे कारखाने शहराबाहेरच्या प्रशस्त, एकमजली, मालमोटारी थेट आत जाऊ शकतील अशा जागांकडे जाऊ लागले होते. दुसरे, आणि माझ्या मते अधिक निर्णायक कारण म्हणजे एक रस्ता. शहरातल्या बड्या सार्वजनिक बांधकामांचे सूत्रधार रॉबर्ट मोझेस यांच्या पुढाकाराने आखलेला लोअर मॅनहॅटन एक्स्प्रेसवे हा द्रुतगती महामार्ग बेटाच्या आरपार, नेमका याच वस्तीतून ब्रूम स्ट्रीटच्या रेषेने जायचा होता. १९६२ च्या डिसेंबरात असे प्रकल्प मंजूर करणाऱ्या शहराच्या बोर्ड ऑफ एस्टिमेट या मंडळाने तो फेटाळला, तरी तो पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला. महामार्गाला विरोध करणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज यांना १९६८ मध्ये त्याच्याविषयीच्या एका सुनावणीत अटक झाली, आणि १९६९ मध्ये तो कायमचा निकालात निघाला. इमारत कधी पाडली जाईल हे सांगता येत नसेल, तर मालक तिच्यावर पैसा खर्च करत नाही, बँक तिच्यावर कर्ज देत नाही आणि तिचा भाव पडतो. ८० वूस्टरची खरेदी झाली तेव्हा ही टांगती तलवार तिच्या डोक्यावर होतीच.

या इमारतीत राहणे बेकायदेशीर होते, असे सरधोपटपणे म्हटले जाते. प्रत्यक्षात तिथे तीन निरनिराळे नियम मोडले जात होते, आणि ते एकमेकांपासून वेगळे केल्याशिवाय प्रकरण नीट उलगडत नाही. पहिला नियम भूवापराचा. हा भाग उद्योगासाठी राखीव होता आणि त्यात निवासाला जागाच नव्हती. दुसरा नियम इमारतीच्या सुरक्षिततेचा. राज्याच्या १९२९ च्या मल्टिपल ड्वेलिंग लॉनुसार तीन किंवा अधिक कुटुंबे राहत असलेल्या इमारतीला जिने, खिडक्या, आगीपासून संरक्षण आणि स्वच्छता यांच्या अटी पुऱ्या करून निवासी वापराचे भोगवटा प्रमाणपत्र मिळवावे लागे, आणि ते ८० वूस्टरकडे नव्हते. तिसरा नियम विक्रीचा. सहकारी संस्थेचे समभाग लोकांना विकायचे तर १९२१ च्या मार्टिन ॲक्टखाली राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे सविस्तर माहितीपत्रक दाखल करणे बंधनकारक होते. तेही झालेले नव्हते. पहिला नियम शहराच्या अर्थकारणाचा होता, दुसरा रहिवाशाच्या जिवाचा आणि तिसरा त्याच्या पैशाचा. माझ्या दृष्टीने महत्त्व दुसऱ्याला, मग तिसऱ्याला आणि शेवटी पहिल्याला द्यायला हवे होते. घडले ते जवळजवळ याच्या उलटे.

कलावंत अशा इमारतींत आधीपासूनच राहत होते आणि तपासनीस त्यांना अधूनमधून बाहेर काढत होते. १९६१ मध्ये कलावंत भाडेकरूंच्या संघटनेने प्रदर्शनांतून आपली कामे मागे घेण्याची धमकी दिली, आणि महापौर रॉबर्ट वॅग्नर यांच्या प्रशासनाने तडजोड केली. कलावंताने आपले नाव नोंदवावे, जागा किमान सुरक्षित असावी, आणि इमारतीच्या दर्शनी भागावर ‘ए. आय. आर.’ म्हणजे ‘इथे कलावंत राहतो’ असे सांगणारी पाटी मजल्याच्या क्रमांकासह लावावी, अशा स्वरूपाची ही व्यवस्था होती. ही पाटी मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक वस्तू वाटते. ती मान देण्यासाठी नव्हती. आग लागल्यावर कोणत्या मजल्यावर माणूस झोपलेला आहे हे बंबवाल्यांना खालूनच कळावे म्हणून होती. तिने माणूस इमारतीत आहे हे वास्तव मान्य केले आणि धोक्याशी त्याची सांगड घातली. १९६४ मध्ये राज्याने त्याच मल्टिपल ड्वेलिंग लॉमध्ये ७-बी हे कलम घालून कलावंतांना व्यापारी इमारतींत राहण्याची मुभा दिली, पण ‘कलावंत कोण’ याची व्याख्याही कायद्यातच आणली. यापुढे जिन्याची रुंदी आणि रहिवाशाचा व्यवसाय हे दोन्ही एकाच पानावर आले.

मॅच्युनास या टप्प्यावर येतात. १९३१ मध्ये लिथुआनियात, कौनास इथे जन्मलेले, वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेले आणि फ्लक्सस या कलाचळवळीचे सूत्रधार म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ भाड्याने जागा घेण्याच्या विरोधात होते. भाडेकरू स्वतःच्या खर्चाने मोरी बांधतो, विजेच्या तारा ओढतो, जमीन घासतो, आणि मग मालक त्याला बाहेर काढून तीच जागा वाढीव भाड्याने देतो, हे तेव्हा सर्रास चाले. निघणारा भाडेकरू येणाऱ्याकडून ‘फिटिंग्जचे’ म्हणून एकरकमी पैसे घेई. मराठी वाचकाला इथे पागडी आठवल्याशिवाय राहणार नाही. मॅच्युनास यांचा तोडगा असा की कलावंतांनी मिळून इमारतच विकत घ्यावी. मालकी संस्थेकडे राहील, सभासदाला समभाग आणि त्यांच्या आधारे एका मजल्याचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळेल, आणि दुरुस्तीचा खर्च वाटून घेतला जाईल. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या कोणालाही ही रचना नवी वाटणार नाही. आरंभी कॅप्लन फंड या धर्मादाय निधीचे साह्य मिळाले. पुढच्या सात-आठ वर्षांत या परिसरातल्या पंधराएक इमारती त्यांनी या रीतीने उभ्या केल्या.

ते स्वतः ८० वूस्टरच्या तळघरात राहत. वरच्या मजल्यांवर येणाऱ्यांना उघडी जागा मिळे. बाकी सारे आपल्या हिकमतीने उभे करायचे असे. या वस्तीतल्या त्या काळच्या राहणीविषयी जे सांगितले जाते त्यात सोयींपेक्षा गैरसोयींचाच पाढा मोठा आहे. व्यापारी इमारतीत उष्णतेचा पुरवठा कामकाजाच्या वेळेपुरता असे, त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी मजला गारठून जाई. दाराशी घंटा नसे. पाहुण्याने रस्त्यावरून हाक मारायची, आणि वरून मोज्यात घालून फेकलेली किल्ली उचलून आत यायचे, हा रिवाज झाला होता. निवासी वस्ती म्हणून नोंदच नसल्याने घरचा कचरा उचलायला शहराची गाडी येत नसे. तपासनिसाची चाहूल लागली की गादी गुंडाळायची आणि जागा फक्त कार्यशाळा वाटेल असे करायचे. रात्री खिडक्यांना जाड पडदे लावायचे, म्हणजे बाहेरून दिवा दिसणार नाही. या शेवटच्या तपशिलापाशी थांबावेसे वाटते. ‘ए. आय. आर.’ पाटीचा हेतू होता की आत माणूस आहे हे बाहेरून कळावे. बेकायदेशीरपणाच्या भीतीने लावलेला पडदा नेमके तेच लपवत होता. जो नियम जीव वाचवण्यासाठी होता, त्याच्याच धास्तीने माणसे बंबवाल्यांच्या नजरेआड गेली.

या सर्व अडचणींच्या बदल्यात जे मिळत होते ते जागेच्या आकारातच होते. मोठी शिल्पे आणि कॅनव्हास यांना लागणारी उंची, नृत्याला लागणारी खांबांमधली मोकळी जमीन, आणि रात्री आवाज केला तरी तक्रार करायला शेजारी नाही, अशी एकांताची मुभा शहराच्या दुसऱ्या कोणत्याही भागात त्या पैशात मिळणे शक्य नव्हते. तळमजल्यावर चित्रपटकार योनास मेकास यांचे फिल्ममेकर्स सिनेमाथेक हे प्रायोगिक चित्रपटांचे प्रेक्षागृह काही काळ चालले, आणि १९७४ नंतर काही वर्षे अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्ज हे चित्रपट-संग्रहालयही तिथेच होते. १९७० मध्ये नृत्यदिग्दर्शिका त्रिशा ब्राऊन यांच्या एका रचनेत एक नर्तक गिर्यारोहणाच्या दोरांच्या आधाराने याच इमारतीच्या भिंतीवरून, जमिनीला समांतर राहून, छपरापासून रस्त्यापर्यंत चालत उतरला. ज्या भिंतीवरून उतरण्याची सोय आहे की नाही याची तपासनिसांना चिंता होती, तिचाच असा उपयोग व्हावा यातली गंमत तेव्हाच्या प्रेक्षकांनाही जाणवली असेल.

तिसऱ्या नियमाने मात्र मॅच्युनास यांना गाठले. त्यांचे हिशेब विस्कळीत होते, एका संस्थेचा पैसा दुसरीच्या निकडीला वापरला जाई, आणि माहितीपत्रक त्यांनी कधी दाखल केले नाही. माहितीपत्रकाला खर्च येतो हे खरे. पण मला वाटते की खरी अडचण वेगळी होती. त्यात इमारतीची स्थिती खरीखुरी लिहावी लागली असती, म्हणजे निवासी भोगवटा प्रमाणपत्र नाही हे स्वतःच्या सहीने कबूल करावे लागले असते. एका नियमाचे पालन केले की दुसऱ्याचा भंग आपोआप उघड होतो, अशा कोंडीत छोटा माणूस सहसा दोन्ही नियम टाळतो. ॲटर्नी जनरलचे अधिकारी मागे लागल्यावर मॅच्युनास यांनी आपल्या दाराला धारदार पाती लावली, आणि आपण परदेशात आहोत असे भासवण्यासाठी मित्रांकरवी जगभरातून पत्रे धाडली. या झटापटीचीसुद्धा त्यांनी एक कलाकृती केली. वाचायला हे मजेदार आहे. परंतु १९७५ मध्ये विजेच्या कामाच्या पैशांवरून झालेल्या वादात त्यांना मारहाण झाली आणि एक डोळा गेला, हे तितके मजेदार नाही. त्यानंतर ते मॅसॅच्युसेट्स राज्यात राहायला गेले आणि १९७८ मध्ये वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने वारले. सभासदांचे म्हणाल तर त्यांची घरे टिकली. बेहिशेबी माणसाने उभ्या केलेल्या संस्था त्याच्यामागे चालू राहिल्या, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवी.

दरम्यान शहराने पहिला, म्हणजे भूवापराचा, प्रश्न हाती घेतला. नियोजनतज्ज्ञ चेस्टर रॅपकिन यांनी १९६३ मध्ये शहराच्या नियोजन आयोगासाठी केलेल्या पाहणीने दाखवून दिले होते की हा भाग वाटतो तितका मृत नाही. इथल्या छोट्या कारखान्यांत हजारो लोक कामाला आहेत आणि त्यांत कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन कामगारांचा भरणा मोठा आहे. उद्योग राखायचा आणि कलावंतही ठेवायचे, असे दुहेरी धोरण १९७१ च्या भूवापर दुरुस्तीत आले. कलावंताच्या एकत्रित राहण्या-काम करण्याच्या जागेला ‘उत्पादनाचा’ एक प्रकार मानण्यात आले, म्हणजे औद्योगिक पट्टा औद्योगिकच राहिला. अशी जागा किमान १,२०० चौरस फुटांची असावी असे ठरले, आणि राहणारा खरोखर कलावंत आहे असा दाखला शहराच्या सांस्कृतिक विभागाकडून घेणे आवश्यक झाले. कायद्याच्या दृष्टीने ही चलाखी होती. चित्रकार घरात झोपतो, जेवतो, मुले वाढवतो, तरी तो तिथे राहत नाही, उत्पादन करतो. १९७३ मध्ये २६ ब्लॉक्सचा हा परिसर बिडाच्या दर्शनी भागांमुळे ऐतिहासिक म्हणून संरक्षित झाला, आणि इमारती पाडल्या जाण्याची भीती संपली.

टांगती तलवार गेली, निवासाला दार किलकिले झाले आणि वास्तू जपली गेली. भाव वाढायला याहून अधिक काय लागते? दाखला नसलेले, पण पैसे असलेले लोक येऊ लागले. अशा ग्राहकाला घर विकताना सहकारी संस्था त्याच्याकडून एक पत्र लिहून घेत, ‘सोहो लेटर’ या नावाने ते ओळखले जाई. त्यात इथे राहण्यास कलावंताचा दाखला लागतो हे आपल्याला ठाऊक आहे आणि काही बालंट आल्यास त्याची जबाबदारी आपली, असे तो मान्य करी. आधीच्या पिढीने गादी लपवली होती, या पिढीने वकिलाकडून पत्र करून घेतले. ज्यांच्या रोजगारासाठी उद्योग राखायचा होता ते कामगार मात्र दोन्ही व्यवहारांत नव्हते, आणि त्यांचे कारखाने एकेक करून उठून गेले. कलावंतांवर याचे सारे खापर फोडणे मला अन्यायाचे वाटते, कारण कारखाने त्यांच्याआधीच हलू लागले होते. पण ‘उत्पादक’ या शब्दाची जागा चित्रकाराला दिल्यावर शिलाई यंत्रावरच्या बाईसाठी त्या नियमात संरक्षण उरले नाही, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे जिवाच्या प्रश्नाला, सरळ हात घातला तो १९८२ च्या लॉफ्ट लॉने. १ एप्रिल १९८० ते १ डिसेंबर १९८१ या काळात ज्या व्यापारी किंवा औद्योगिक इमारतीत तीन किंवा अधिक कुटुंबे स्वतंत्रपणे राहत होती, तिला या कायद्याने ‘अंतरिम’ निवासी इमारत मानले, भाडेकरूला बाहेर काढण्यापासून संरक्षण दिले, भाड्यावर नियंत्रण आणले, आणि इमारत सुरक्षिततेच्या अटींना उतरवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. देखरेखीसाठी लॉफ्ट बोर्ड स्थापन झाले. या कायद्याने रहिवासी चित्रकार आहे की हिशेबनीस, हा प्रश्न बाजूला ठेवून आधी इमारतीत माणसे राहत होती का, एवढेच विचारले. माझ्या वाचनात या सबंध प्रकरणातले हे सर्वांत शहाणे पाऊल आहे. त्याचा गुंता व्हायचा तो झालाच; अनेक इमारतींची कामे वर्षानुवर्षे रखडली, आणि २०१० मध्ये कायद्याची व्याप्ती पुन्हा वाढवावी लागली. पण रखडण्याचे कारण प्रश्न चुकीचा विचारला गेला हे नव्हते. काम महाग होते, आणि मालकाला भाडेकरू नकोच होता.

८० वूस्टरसारख्या इमारतींसाठी कलावंताच्या दाखल्याची अट १९७१ पासून अर्धे शतक कागदावर राहिली. २०२१ च्या डिसेंबरात सोहो आणि शेजारच्या नोहो भागाच्या नव्या भूवापर आराखड्याने प्रथमच सर्वसाधारण निवासाला परवानगी दिली, आणि जुन्या राहण्या-कामाच्या जागेचे साध्या घरात रूपांतर करायचे असल्यास दर चौरस फुटाला १०० डॉलर एका कलानिधीत भरावेत, असे ठरवले. १,२०० चौरस फुटांच्या, म्हणजे नियमातल्या सर्वांत लहान जागेसाठी ही रक्कम १,२०,००० डॉलर होत होती.